दीड इंच माया

एक्स-रेत हाड शाबूत आहे.
बाजीराव रोडच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली,
म्हणाले, वयाच्या मानानं छान आहे,
आणि गोळ्या लिहून दिल्या.
मग पहाटे तीनला कोण येऊन बसतं
माझ्या उजव्या कोपराशी
बोथट टाचणी घेऊन?

अकरा आठवडे झाले.
कात्री चालते, जाड कापडात अडते.
सुटाचं काम आलं की पोऱ्याला हाक मारतो,
"तू काप रे, माझा चष्मा सापडत नाही."
चष्मा कपाळावर असतो.

भांडण कशावरून, तर गाडी लावण्यावरून.
बदामी हौदापाशी, माझ्या दुकानाच्या पायरीला टेकवून
त्यानं स्कूटर लावली. मी म्हटलं, काढ.
तो म्हणाला, पायरी तुझ्या बापाची का?
तशी ती बापाचीच,
भाड्याची पावती अजून त्यांच्याच नावानं फाटते.
एवढं सांगितलं असतं तरी तो हसला असता कदाचित.

घरी शैलाला सांगितलं, पोरानं हात पिरगाळला.
शेजारच्या घड्याळवाल्याला तेच, हाडवैद्याला तेच.
इतक्यांदा सांगितलं
की हातालाही पटलं.

शैलानंच नाव घातलं माझं.
महापालिकेची शाळा, मंगळवार-शुक्रवार, साडेसहाला,
स्वसंरक्षणाचा वर्ग.
"पुन्हा कुणी अंगावर आलं तर?"
कॉलेजच्या चौदा मुली, दोन नर्स आणि मी,
मीच शिवलेल्या पायजम्यात.

पहिले तीन दिवस नुसतं पडायला शिकवलं.
हनुवटी छातीला, पाठ गोल,
तळहात सतरंजीवर आपटून.
बावन्नाव्या वर्षी मी पडलो, उठलो, पुन्हा पडलो
आणि कुणी हसलं नाही,
तेच जास्त लागलं.

चौथ्या दिवशी किमया ढमाले,
आमच्या धाकटीच्या वयाची, म्हणाली,
"हेंद्रे काका, मूठ करा."
केली.
तिनं ती उलटसुलट करून पाहिली,
दुसऱ्या शिंप्यानं बिघडवलेला ब्लाउज
मी पाहतो तशी.
"अंगठा आत. मनगट वाकडं.
हे मार खाल्ल्याचं दुखणं नाही, काका.
कशावर मारलं होतंत?"

शटरवर.
तो खाली वाकला आणि मी माझ्याच शटरवर मारलं.
आवाज बोळाच्या टोकापर्यंत गेला.
त्यानं माझ्या अंगाला बोटही लावलं नव्हतं.
उलट विचारलं होतं, "ओ, लागलं का?"

हे तिला बोललो नाही. म्हटलं, असंच, दार होतं एक.
तिनं पुढं विचारलं नाही.
मला एक पाऊल मागं नेलं, स्वतः एक सरकली,
दोघांमधली फरशी दाखवली.
"आधी ही जागा राखायची. हात मग.
जागा असली की निम्म्या वेळा हात लागतच नाही."

तिला काय सांगू,
चौतीस वर्षं हेच करतो.
बेतताना शिवणीच्या आत दीड इंच सोडतो,
अंग सुटलं, पोर वाढलं तर उसवता यावं म्हणून.
आमच्यात त्याला माया म्हणतात.
परक्यांच्या पँटींत ठेवत आलो,
आणि त्या दिवशी पायरीवर
सुतभरही नव्हती माझ्यापाशी.

आता अंगठा बाहेर ठेवतो,
रात्री, अंधारात, चाचपून.
हात दुखतोच. ढगाळ असलं की जास्त.
शैला शेकायची पिशवी आणते, कोपराला धरते,
त्या पोराच्या नावानं बोटं मोडते.
मी म्हणतो, "जाऊ दे गं."
ती म्हणते, "तुमचा स्वभावच मेला गरीब."
पिशवी गार होईपर्यंत मी गप्प.

ती उठते, पाणी तापवायला जाते,
आणि मी तिला हाक मारतो.