चारशे ब्याऐंशी

पहाटे चारला कन्हानचा पूल ओलांडताना
स्कूटरच्या मागच्या सीटवरून ओजस विचारतो,
"मावशी, टेकडीचं नाव काय?"
नाव नाही रे तिला.
नकाशावर एक बारीक त्रिकोण आहे,
शेजारी आकडा, चारशे ब्याऐंशी.
तो माझ्या हातचा.
एकोणनव्वद साली, भूमापनच्या खोलीत
कूलरकडे पाठ करून
मी काढल्या तिच्या सगळ्या समोच्च रेषा,
एकीत एक, कांद्याच्या चकतीसारख्या.
पाय मात्र कधी ठेवला नव्हता.

ओजस पनवेलचा. त्याचे डोंगर
खिडकीतून दिसतात, ढगात अर्धे बुडलेले.
कातळात खोदलेल्या पायऱ्या, दोर, घळी,
माथ्यावर पोचलं की खाडीची चकाकती पट्टी.
सकाळी वर, दुपारी खाली, रात्री ताटात बांगडा.
मनगटावरचं घड्याळ त्याचा एकेक मीटर मोजतं.
"चारशे ब्याऐंशी," तो हसतो.
"तीनशे दहा तर नागपूरच उचलून धरतं. उरले किती?"
एकशे बाहत्तर.
बरोबर आहे, पोट्ट्या. समुद्रापासून मोजलं तर
बरोबरच आहे.

मनसरच्या पुढे डांबर संपतं.
मंगरू कुमरे आधी ओजसच्या बुटांकडे बघतो,
मग बाटलीकडे.
"येवढ्याच पान्यावर जाऊन राह्यले का जी?"
एप्रिलची एकवीस तारीख. त्यानं आत जाऊन
एक कांदा आणला, पोराच्या खिशात घातला.
"खाचा नाही. असू द्या."

वाट नाही. काळा, जड मँगनीजचा दगड
पावलाखालून निसटतो आणि बराच वेळ वाजत खाली जातो.
मोह झडून गेलेला, पण वास अजून तिथेच बसलेला.
कुसळं मोज्यातून आत, मग आणखी आत.
कुळूचं झाड पांढरंफटक, अंगावर पान नाही,
त्याची सावली हाडाएवढी;
तिच्यात आम्ही आळीपाळीनं उभे राहतो.

तिसऱ्या रेषेनंतर
रेषा इतक्या जवळ आल्या होत्या
की निब अडकायची.
त्याच जागी आता श्वास अडकतो.

नऊला ओजस बसला.
"वारा नाही, मावशी."
वारा होता. भट्टीचं तोंड उघडल्यावर येतो तसा.
बाटली रिकामी. घड्याळाचा पडदा काळा पडलेला,
तापून त्यानं मोजणं सोडून दिलेलं.
ओजसनं खिशातून कांदा काढला,
नुसता हुंगला,
लहानपणी तापात विक्स हुंगायचा तसा.

माथा समोर होता. तीस मीटर असतील.
शेवटची रेषा जिथे स्वतःशीच मिटते ती जागा,
वर एक पांढरा दगड,
आणि मला तिथपर्यंत एकटीनं जाता आलं असतं.

"खरं सांगू?" मी म्हटलं.
"ढोबळे साहेबांच्या फील्डबुकात तो आकडा
इंग्रजीत होता, आणि शेवटच्या अंकावर डाग.
दोनाचा पाय पुसला की तो सातच होता,
कळत नव्हतं. साहेब रजेवर.
मी दोन लिहिला."
"कसला डाग?"
चहाचा असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं.
माझ्या हनुवटीवरून एक थेंब दगडावर पडला,
आणि आम्ही दोघं बघत असतानाच
वाळून गेला.

"उतरू या," मी म्हटलं. तो वाद घालणार होता,
पण उठतानाच डोलला.

उतरताना सालईच्या फटीतून
लांबवर खिंडसीचं पाणी दिसलं.
"खाडी," ओजस म्हणाला.
मी दुरुस्त केलं नाही.

मंगरूच्या पडवीत त्यानं तीन तांबे पाणी प्यायलं,
चौथा डोक्यावर ओतला.
"डिसेंबरात येतो. तेव्हा बघू, दोन की सात."
डिसेंबरात तर इथं शाळेची सहल चढते, बाप्पा.
ये म्हणा.
तोवर दोनच असू दे.