खोलीचा आवाज

मुलाखत संपली की मी सगळ्यांना
एक मिनिट गप्प बसवतो.
धंद्याचा नियम आहे तो.
रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो,
तो वेगळा धरून ठेवायचा,
पुढे दोन वाक्यांमध्ये कात्री चालली
की त्या भगदाडात भरायला.

थेस्सालोनिकीत, बंदराकडे तोंड केलेल्या घरात
बिएनवेनिदा कुएंका चार दिवस आमच्यापुढे बसली.
नव्वदी उलटलेली. नावावर नऊ पुस्तकं,
सगळी बटणांच्या दुकानात लिहिलेली,
गिऱ्हाईक नसताना, पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूला.
"म्हणून वाक्यं आखूड," ती म्हणाली,
"समीक्षक त्याला शैली म्हणतात."

पहिल्याच दिवशी थेमिसनं, आमच्या दिग्दर्शकानं,
आडून आडून विचारलं:
बाही जरा वर घ्याल का?
तिनं उजवी वर केली.
कोपरापर्यंत कोरा हात.
मग मधलं बोट पुढे धरलं, पेनानं पडलेला घट्टा.
"हे माझं मी केलं. याचं चित्र घे."
डावी बाही चारही दिवस मनगटाशी बंद.
माईक लावताना मी पाहिलं,
बटण शिंपल्याचं होतं.

तिसऱ्या दिवशी वार्दारी वारा सुटला.
तावदानं खडखडत होती, मी हेडफोनमध्ये वैतागलेलो,
आणि ती भावाकडे वळली.
पहिल्या पुस्तकातलं ते वाक्य इथं शाळेतल्या पोरांना पाठ आहे:
त्रेचाळीस साल, मालगाडी रिकामी झालेली,
फलाटावर रांगा वेगळ्या होतायत, आणि पेपो म्हणतो,
ताई, माझ्या वाटचंही तूच बघ.

"तो असं बोललाच नाही," ती म्हणाली.
"तो म्हणाला, नाडी सुटली.
बुटाची.
अकरा वर्षांचा होता, गाठ यायची नाही त्याला,
घरी मीच बांधायची.
वाकायला वेळ होता. तेवढा होता.
मी वाकले नाही.

ते दुसरं वाक्य मी दुकानात रचलं, बावन्न साली,
एक बाई कोटासाठी बटणं निवडत होती तेव्हा.
चांगलं आहे वाक्य. त्याच्यावर हे घर झालं.
पण नाडी त्याची होती."

मी मीटरच्या काट्याकडे बघत राहिलो.
वारा असूनही शब्द स्वच्छ आलेत.

जिन्यात थेमिस सिगारेट पेटवेना, नुसती फिरवत राहिला.
हे ठेवलं तर, म्हणाला,
जे म्हणतात असं काही घडलंच नाही
त्या माकडांच्या हाती आपणच कोलीत देऊ.
तिला वरून ऐकू गेलं असावं.
कॉफी देताना म्हणाली,
"रचायचंच असतं, तर मी नाडी रचली असती का?"

शेवटच्या दिवशी दिवे काढायच्या आधी
मी सवयीनं म्हणालो,
आता एक मिनिट कुणी हलायचं नाही.
आणि जीभ चावली.
"नाही हलत," ती म्हणाली. "बर्फात तासन्‌तास उभं राहून शिकलेय."

फ्रिजची घरघर. विसाव्या सेकंदाला तीही थांबली.
एक सीगल. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी पोराचा चेंडू.
चाळिसाव्या सेकंदाला ती काहीतरी पुटपुटली,
घरातल्या त्यांच्या जुन्या स्पॅनिशमध्ये,
आमच्यासाठी नव्हे.
नियमानं तो तुकडा बाद.
पुन्हा घेऊ या, असं म्हणायला हवं होतं मी.

फिल्ममध्ये नाडी नाही.
थेमिसनं ती कापली, दोन महिने झोपला नाही आणि कापली.
जिथं ती होती तिथं तावदान दिसतं,
मग बंदर, मग ती पुन्हा बोलू लागते, कागद महाग झाल्याबद्दल.
त्या सहा सेकंदांखाली
मी तो बाद तुकडा लावलाय.
ती काय म्हणाली ते मी कुणाला विचारलेलं नाही.
आवाज अगदी खाली ठेवलाय.
प्रेक्षकांना वाटतं, फ्रिज आहे.