टेकडीवाला गोळा

रोवणीच्या दिवसांत
आमच्या घरी बाबा स्वयंपाक करायचे.
कारण साधं होतं.
आईची बोटं
दिवसभर बांधीतल्या चिखलात पांढरी पडून फुगायची,
नखांच्या कडेनं चिरायची,
आणि तिखटाला हात लागला
की ती रात्रभर फुंकर घालत बसायची.

बाबांना एकच येत होतं.
गोळाभात.
सोमवारी गोळाभात, गुरुवारी गोळाभात,
मधे एखाद्या दिवशी नुसता भात
आणि गोळ्यांबद्दल बोलणं.

लाखोळीची डाळ सकाळीच भिजत टाकून
ते सायकलनं राईस मिलला जायचे.
संध्याकाळी भुवयांवर कोंडा घेऊन यायचे,
कोपरापर्यंत हात धुवायचे,
पाट्यावर डाळ रगडायला बसायचे.
लसूण, हिरवी मिरची, ओवा जरासा.
"बारीक नाही करायची बाप्पा,
दाताले समजली पाहिजे."

मग मुठीत घेऊन दाबायचे.

त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट
मिलच्या पट्ट्यानं नेलेलं, दोन पेरं.
मी तेव्हा जन्मले नव्हते.
त्याबद्दल ते एवढंच सांगायचे
की मालकानं त्या दिवशी डबल हजेरी लावली.

म्हणून त्यांच्या गोळ्यावर
एक खाच, मग टेकडी, मग दोन खाचा.
दुसऱ्यांच्या घरी गोळ्याला चार खाचा असतात
हे मला शेजारच्या फुलनबाईकडे जेवल्यावर कळलं,
आणि मला वाटलं,
हिला गोळे येत नाहीत.

धनपाल टेकडीवाल्यासाठी भांडायचा.
सगळेच टेकडीवाले होते,
पण त्याला सर्वांत उंच हवा असायचा.
तिच्यात डाळ जास्त, असा त्याचा हिशेब.
"काऊन रे, मोजून राह्यला का?"
असं म्हणत बाबा
स्वतःच्या ताटातला गोळा उचलून
त्याच्या भातात पुरून द्यायचे.

गंजावरचं झाकण काढलं
की लुचईच्या तांदळाची वाफ,
कढवलेल्या जवसाच्या तेलात काळी पडलेली मिरची,
वाटीत चिंचेचं सार,
दिव्याभोवती पंख गाळणारे किडे.
आई सगळ्यांच्या शेवटी बसायची.

एकदा मी पाहिलं.
गोळा फोडायच्या आधी
तिनं आपलं चिरलेलं बोट
त्या टेकडीवर ठेवलं,
हळू दाबलं.
खाच पडली.
मग चुरला, वरून तेल घेतलं, खाल्ला.
झोंबलं असणार.
त्या रात्री तिनं फुंकर घातली नाही.

आता ब्रह्मपुरीत दोन खोल्या, गॅस, मिक्सर.
बाबा मागच्या पोळ्यानंतर गेले.
आज डाळ भिजवली.
लाखोळी मिळाली नाही, हरभऱ्याचीच,
आणि मिक्सरनं ती जरा जास्तच बारीक केली.
मुठीत घेऊन दाबली.
चार खाचा, सरळ,
दुरेघी वहीसारख्या.

पुढचा गोळा दाबताना
मधलं बोट आत दुमडून पाहिलं.
टेकडी यायची ती भलत्याच जागी,
नाहीतर गोळा हातातच फुटायचा.
तीन फुटले.

आई ओट्याजवळ स्टुलावर बसून बघत होती.
"काऊन तरास देतेस त्या बोटाले?
धड हाये, तर धड दाब."

मग ताटातला एक तिनं उचलला,
चार खाचांचा,
इकडून तिकडून फिरवून पाहिला,
बोट कुठं ठेवायचं ते सापडेना तसा,
आणि परत ठेवून दिला.

जेवताना म्हणाली,
सार आंबट झालं.
गूळ टाक खडाभर.