किती हवा

दोन घशांचा तो कार्बोरेटर
मी कुर्ल्याच्या भंगारातून आणला,
वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर घेऊन.
सोबत आखूड, रुंद मॅनिफोल्ड,
आतून भांड्यासारखा घासलेला.

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
नजीर मुकादमांनी चष्मा कपाळावर सरकवला,
नळीत अंगठा घातला, मग दोन बोटं.
म्हणाले, "यातून मांजर जाईल."
मग, "गाडी चालवता कुठे?"

पामबीचला, मी म्हणालो. रात्री. रस्ता मोकळा असतो.
"रोज?"
मी फॅनबेल्टकडे बघत राहिलो.

पद्मिनीच्या बॉनेटवर त्यांनी खडूनं हिशेब मांडला:
अकराशे सीसी, पाच हजार फेरे, भागिले दोन,
शंभरातले वीस वजा,
कारण कुठलंच इंजिन पोटभर जेवत नाही.
मिनिटाला बावीसशे लिटर.
"एवढीच हवा हवी हिला.
तुम्हाला किती हवी, ते वेगळं."

रुंद नळीत हवा रेंगाळते, ते सांगत होते,
पेट्रोलचे थेंब तिला उचलवत नाहीत,
ते भिंतीला ओल धरून बसतात,
आणि कापूरबावडीचा सिग्नल सुटला, तुम्ही पाय दिला,
की इंजिन आधी आवंढा गिळतं, मग निघतं.
लांब, अरुंद नळीत तीच हवा धावते.
धावणारीच ओझं नेते.
पण साडेचार हजारांच्या पुढे तिचाही दम कोंडतो,
ते कबूल.
दोन्ही देणारा कुणी असेल तर मलाही पत्ता द्या.

मग कानामागची पेन्सिल दिली
आणि प्लगच्या खोक्याचा पुठ्ठा.
आठ दिवस. पाय तळाला टेकला की एक रेघ.

सोमवारी घोडबंदर. पहिला, दुसरा, पहिला.
मंगळवारी माजिवड्याचा पूल, पुढे टँकर.
गुरुवारी गायमुखच्या चढाला दुसऱ्या गिअरात
बायको म्हणाली, दमली का रे ही?
शुक्रवार कोरा.
शनिवारी रात्री एक रेघ:
अकरा सेकंद, ऐरोलीच्या खाडीपुलावर,
भावाचा फोन ठेवल्यावर.

मुकादमांनी पुठ्ठा वाचला.
रेघेवर नख टेकवून म्हणाले, "ही गाडीची नाही."
पुढे काही विचारलं नाही.

तर जुनाच मॅनिफोल्ड. एकच घसा, बत्तीसचा.
नवीन काही नाही,
म्हणजे अगदीच नाही असं नाही:
मॅनिफोल्डची कड हेडच्या तोंडात
दीड मिलिमीटर पुढे येत होती, कारखान्यातून आल्यापासून.
ती त्यांनी दुपारभर कानशीनं उतरवली,
बोट फिरवत, घासत,
बोट फिरवत.

दोन घशांचा तिथेच फळीवर राहिला.
परवा गेलो तर एक पोरगा तो उलटासुलटा करत होता,
कळव्याचा, एकोणीस-वीसचा,
भुवया जळालेल्या.
मुकादम कानामागे पेन्सिल चाचपत होते.