चारपर्यंत

ड्वेननं गॅसची ग्रिल ओढत अंगणाच्या मधोमध आणली
आणि तिच्याभोवती दोन फेऱ्या घातल्या,
बाजारात जनावर पारखावं तशा.
तीन बर्नर, त्यातला डावा आंधळा.
झाकणावर अकरा हिवाळ्यांचा गंज.
"हीच दुरुस्त करू," तो म्हणाला, "की कोळशाची घेऊ?"

हे तो एप्रिलपासून विचारतोय.
आज जूनची नऊ तारीख, आणि डुलुथमध्ये
सरोवरावरून अजून कानटोपीचा वारा येतोय.

गॅसच्या बाजूनं बोलायचं तर मीच बोलायला हवं.
बत्तीस वर्षं रात्रपाळी केली मी, टेकडीवरच्या इस्पितळात.
हा गोदीवरून यायचा, मी निघायच्या बेतात,
मधली चाळीस मिनिटं तेवढी आमची.
बटण फिरवलं, खट्, निळी ज्योत,
सॉसेज, मका, क्रिस्टाचा गृहपाठ, चला, निघाले मी.
त्या ज्योतीनं आमचा संसार ओढलाय.
तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

"आणि राख?" मी विचारते. "ती कोण काढणार?
माझ्या दोरीवरच्या चादरी?
वाऱ्यानं ठिणगी उडाली तर पेल्टोनेनबाईंचं कुंपण?"
तो लिहून घेतो. खरंच लिहितो,
जहाजांत भरलेल्या खनिजाचं वजन लिहायचा त्याच अक्षरात:
राख. चादरी. कुंपण.
खाली रेघ मारतो. बेरीज काही येत नाही.

चवीचं मला सांगू नका.
धुराच्या चवीची शपथ घेणारे मी पुष्कळ पाहिलेत,
सर्दी झाली की त्यांनाच
कॉफी कुठली आणि सूप कुठलं ते कळत नाही.

खरं कारण मला माहीत आहे.
याला निवृत्त होऊन चौदा महिने झाले.
गॅरेजमधले खिळे यानं लांबीप्रमाणे लावले,
मग पुन्हा काढून जाडीप्रमाणे.
पाच मिनिटांत पेटणारी वस्तू याला आता सोसत नाही.
उशीर हवाय याला.
रीतसर, पोटभर उशीर.

शेवटी पेल्टोनेनबाईंनीच कुंपणावरून त्यांची गोल ग्रिल दिली,
पोचा आलेली, एक पाय तारेनं बांधलेला.
पत्र्याच्या नळकांड्यात कोळसे, खाली वर्तमानपत्र.
एकदा विझले.
दुसऱ्यांदा नुसताच धूर, तोही घरात.
तिसऱ्या वेळी हा गवतात पालथा पडून फुंकर घालत होता,
चष्मा बाजूला, कान लाल,
तेवढ्यात बंदरात जहाजानं भोंगा दिला, पूल वर गेला,
आणि यानं मान वर केली नाही.
कुठलं जहाज, किती टन, काही नाही.

कोळसा उगाळला तर काळाच, म्हणतात.
इथं तो कडेनं पांढरा पडत गेला,
आणि मग आतून, अगदी सावकाश,
कुणीतरी दिवा घेऊन जिना चढावं तसा उजळला.

"आता किती तापलंय हे कसं कळायचं?" तो म्हणाला.
गॅसला काटा होता.
"हात धर वर आणि मोज!" कुंपणापलीकडून आवाज आला.
त्यानं धरला. सात. आठ. नऊ.
गोदीनं त्याचे तळवे केव्हाच जाड करून ठेवलेत,
त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

मग मी बाही वर सारली.
या बोटांनी हजारो मनगटं मोजलीत,
झोपलेली, घाबरलेली, काही शेवटची.
एक.
दोन.
तीन.
चार, आणि हात आपोआप मागे आला.
तो माझ्याकडे बघत थांबला होता, मासा ताटलीत घेऊन.
"चार," मी म्हणाले. "ठेव."

साडेनऊला जेवलो. मासा एका बाजूनं करपला होता.
गॅसची ग्रिल अंगणाच्या मधोमध तशीच उभी,
टाकी अजून अर्धी भरलेली,
झाकणावर एक सीगल.
तिचं काय करायचं ते आम्ही दोघांनीही काढलं नाही.

रात्री चादरींना धुराचा वास होता.
धुवायला काढल्या मी, नाही असं नाही.
बुधवारी.