पहिली फेरी

फाहाहीलच्या दुकानात दिवसभर मी स्वच्छता विकतो.
पंच्याऐंशी इंची पडद्यावर पोपटाचं पीस न् पीस,
द्राक्षावरचा थेंब, थेंबात खिडकी.
गिऱ्हाईक नाक लावून बघतं, म्हणतं, वा, खऱ्यासारखं!
मी मान डोलावतो.
माझं कमिशन त्या ‘सारखं’वर आहे.

रात्री तीन खाटांच्या खोलीत
इस्त्रीच्या टेबलाला स्टिअरिंग आवळून
डोळ्यांवर डबा चढवतो
आणि एकेक करून सगळं कमी करत जातो.
सावल्या कमी. गवत बंद.
ढग एकच, तोही थांबलेला.
प्रेक्षक काढून टाकले, गॅलऱ्या ओस.
लांबचे डोंगर पुठ्ठ्याचे झाले तरी चालतील.
कारण चित्र अडखळलं की पोट ढवळतं,
आणि नाही अडखळलं
तर वळणावर खांदा आपोआप आत झुकतो,
मागचा टायर सुटला की बेंबीपाशी कळतं.
दुकानातल्या पडद्यासमोर
माझा खांदा नऊ वर्षांत एकदाही हललेला नाही.

तरी खंत राहतेच.
सगळं जाळीदार, डासांच्या पडद्यातून पाहावं तसं.
समोरच्या गाडीचा नंबर लागत नाही,
पाटीवर शंभर लिहिलंय की दोनशे
ते तिथे आदळल्यावर समजतं.
सहा हप्ते भरून
मी मोतीबिंदू तर विकत आणला नाही ना?

शुक्रवारी अन्सारभाई मुकादम म्हणाले, बघू तरी.
गाव दाभोळ. बावीस वर्षं सालमीच्या रस्त्यावर ट्रेलर.
लुंगी सावरून बसले,
प्लास्टिकच्या खुर्चीखाली सीट सरकवायचा दांडा शोधला,
मग दोन्ही आरसे बघितले, मान वळवून, सावकाश.
मला कधी सुचलंच नव्हतं की ते बघायचे असतात.

हिरवा दिवा लागला. अकरा गाड्या किंचाळत गेल्या.
यांनी सगळ्यांना जाऊ दिलं, मग निघाले.
दुसऱ्या गिअरात.
वळण दिसायच्या आधीपासून ब्रेक,
पाठीवर चाळीस टन सळई असल्यासारखा.
वरच्या खाटेवरून सुधन्वा हसला,
‘चाचा, शर्यत आहे, वरात नव्हे.’

मी विचारलं, दिसतंय ना? जरा धूसर आहे.
‘धूसर?’
डब्याखाली फक्त दाढी हलली.
‘अरे, तोझ उठला की असंच असतंय.
पुढच्याचा दिवा म्हणजे तांबडा डाग.
डाग मोठा होतोय की बारीक, तेवढं बघायचं.
रस्त्यावर साफ कुठं दिसतंय बाबा?
साफ दिसतंय ते क्यालेंडरात.’

मी गप्प.
पोपट आठवला. पीस न् पीस.

लांबलचक सरळ पट्ट्यावर
त्यांनी उजवीकडे पाहिलं, शेजारच्या सीटकडे.
पट्टा नीट बांधलेला, माणूस नाही.
बघत राहिले. गाडी सरळच जात होती.
‘थर्मास इथं ठेवतो मी,’ म्हणाले,
आणि उजवा हात त्या जागेवर थोडा वेळ ठेवला,
म्हणजे इस्त्रीच्या टेबलापलीकडे, हवेत.

तोवर पहिला आलेला सहावी फेरी संपवून
कागदी पताकांत न्हात होता.
यांची पहिलीच चालू.
गाडी कडेला घेतली. इंडिकेटर शोधला, मिळाला नाही,
तेव्हा हात बाहेर काढून दाखवला
मागे कुणीच नसलेल्या रस्त्याला.
थांबले.

डावा हात काहीतरी चाचपू लागला,
दाराचा खटका असावा.
कपडे वाळत घालायचा स्टँड धाडकन आडवा झाला,
माझे दोन ओले शर्ट, दुकानाच्या निळ्या रंगाचे,
त्यांच्या गुडघ्यांवर.

डबा तसाच डोळ्यांवर.
‘उतरायचं कुठून रे?’

‘थांबा,’ मी म्हटलं,
‘आधी ब्रेकवरचा पाय काढा.’

खाली पाहिलं.
पॅडल केव्हाच मागे सरकलं होतं.
पाय फरशीवर,
बोटं पांढरी पडेस्तोवर दाबलेला.