दहा माणसांची कुपी

मंगळवार आणि शुक्रवार, साडेदहा ते एक.
कुपी एकदा फोडली की दहा जणांना पुरते,
उरलेली थोड्याच तासांत वाया जाते,
म्हणून दहा डोकी जमेपर्यंत
मी कुणालाच टोचत नाही.
बाकावर बसवून ठेवते, कूलरसमोर.

मेडिकलच्या ह्या खोलीतून
मी अर्धं नागपूर आफ्रिकेला पाठवलं आहे.
खाणीवर निघालेले वेल्डर, बुटीबोरीचे फिटर,
हिऱ्यांचं काहीतरी करणारे इतवारीतले दोघे भाऊ,
सफारीची टोपी घालूनच आलेलं धरमपेठेतलं जोडपं.
मी स्वतः रामटेकच्या पुढे
चारदा गेले असेन.

त्या शुक्रवारी नऊच जण होते. पाऊण वाजला.
मग दारात दहावा. सुकलाल उइके,
वय एकोणसाठ, वनरक्षक, निवृत्त,
पेंचच्या जंगलात चौतीस वर्षं.
नऊ जणांनी टाळ्या वाजवल्या.
त्याला कळेना, कशाबद्दल.

"पोरगी लुसाक्याले असते जी, लॅबमंदी.
तिनंच तिकीट काढलं.
नैरोबीले इमान बदलते, म्हून हे सुई."
बाही वर केली तर दंडावर अस्वलाची जुनी खूण,
खांद्यापासून कोपरापर्यंत, नांगरल्यासारखी.
आणि सुई पाहून ह्यानं डोळे मिटले.
"सांगून टोचा, सिस्टर."
तोवर मी टोचून मोकळी.
पिवळं पुस्तक, शिक्का, सही.

जुलैत परत आला. काम काही नव्हतं.
मोबाइल पुढे धरला, फोटोत बोटच जास्त.
"जिपमंदी मले मागं बसवलं, सिस्टर!
चौतीस वर्सं मी पुढं बसलो,
लोकायले वाघ दाखवला.
मागून लय येगळं दिसते जंगल.
आपल्याले काहीच दाखवा लागत नाही."
एवढं बोलून गप्प झाला,
जणू सगळं त्यातच आलं.

मग नदी. झांबेझी.
तोतलाडोहाचं पाणी उठून चालायला लागलं, असं समजा.
होडी अरुंद, दोघांपुरती. वल्ह्यावर मुलेंगा.
ह्याला इंग्रजी येत नाही, त्याला गोंडी.
काठावर उतरून दोघांनी
हत्तीच्या लेंडीत बोट घातलं, एकमेकांकडे पाहिलं.
गरम. आत्ताच गेला.
तेवढ्यावर ओळख झाली.

"अन् पाणघोडे, सिस्टर.
वरून नुस्ते कान, खाली डोंगर.
मुलेंगा काय करे, वल्ह्यानं होडीले ठोके दे.
ठक, ठक. थांबे. ठक, ठक.
मले वाटलं, देव-बिव करते का काय.
मंग समजलं. सांगून रायला होता तो.
आमी येतो, इथून जातो, दचकू नका.
अस्वलाच्या पट्ट्यात आमी हेच करतो ना,
काठी आपटत चालतो.
ज्या दिवशी नाही आपटली..."
दंडावरून हात फिरवला त्यानं.

हे सांगायला एसटीनं आला होता,
दोन तास बसून. चहाही घेतला नाही.

आज मंगळवार. सात आलेत, तिघे यायचेत.
मानेवाड्याचा एक पोरगा सारखा पाय हलवतोय,
टांझानियात हॉटेलात लागलाय म्हणे.
बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण,
कूलरच्या ताटीतून पाणी गळतंय बादलीत.

दहावा आला की मी कुपी फोडेन,
दंडावर कापूस फिरवेन
आणि सुईच्या आधी मधल्या बोटानं
हलकेच दोनदा वाजवेन.
ठक, ठक.

कुणी कुणी विचारतात, शीर शोधता का, सिस्टर?
ह्या लशीला कसली आलीय शीर.
हो म्हणते मी.